मी तो शब्द कधी ऐकलाच नाही

बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. आज माझ्या दारावर पाटी आहे, नावाआधी 'डॉ.' आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी यातलं काही नव्हतं. तेव्हा मी 'अतिथी विद्वान' होतो. मध्य प्रदेशाबाहेरच्या माणसाला हे पद समजावून सांगावं लागतं. तासांच्या हिशेबानं नेमलेल्या आणि कधीही घरी पाठवता येणाऱ्या कॉलेजातल्या मास्तराला आमच्याकडे अतिथी विद्वान म्हणतात. अतिथी म्हणून कोणी चहा विचारत नसे आणि विद्वान म्हणून कोणी मत विचारत नसे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. जुलैत पुन्हा बोलावणं येईल की नाही, या धास्तीत आमचा उन्हाळा जायचा.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ही धास्ती सबब म्हणून येणार आहे. मी स्वतःलाच ती इतक्यांदा सांगितली आहे की आता ती मला पाठ झाली आहे.

शिकवायला मी वाईट नव्हतो. उलट त्या वेळी पोरं माझ्या तासाला बसायची, दुसऱ्या वर्गातली येऊन बसायची. त्याचं कारणही सोपं होतं. आमच्या वर्गात निम्मी पोरं गावातली, व्यापाऱ्यांच्या आणि नोकरदारांच्या घरची, आणि निम्मी आसपासच्या खेड्यांतली, केळी-कापसाच्या घरची. खेड्यातल्यांची मराठी अशी, की पुण्याचा माणूस ऐकून विचारेल, ही कोणती भाषा? आणि पुस्तकं हिंदीत. ती हिंदीही अशी, की विद्यार्थ्यांवर कोणीतरी जुना राग काढल्यासारखी. 'आभासी तना', 'प्रकंद', 'स्थूलमंजरी'. केळीच्या बागेत वाढलेली पोरगी केळीवरचा धडा वाचून विचारायची, सर, हे कोणतं झाड?

मी स्वतः खेड्यातला. म्हणून मला वाटायचं की हे दार उघडणं माझं काम आहे. पहिल्या वर्षाच्या वर्गात केळीचा धडा घेताना मी पुस्तक बाजूला ठेवलं. सांगितलं, आपण ज्याला केळीचं खोड म्हणतो ते खोड नाही, ती पानांची घट्ट गुंडाळी. खरं खोड जमिनीत आहे. तिथून फुलाचा दांडा त्या गुंडाळीच्या आतून, कोणाला न दिसता, वर चढत येतो आणि एक दिवस माथ्यातून बाहेर पडतो. पुस्तकात यासाठी चार ओळी आहेत. तुमच्या घरी याला काय म्हणतात?

मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "केळ निसवली म्हणतो, सर."

पुढच्या बाकांवर हसू फुटलं. मी वळलो आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: निसवण. त्याभोवती चौकट काढली. आणि म्हणालो, "हँसने का नहीं. ये शब्द मेरी माँ का भी है. पुस्तकवाल्यांना चार ओळी लागतात तिथं आपल्या लोकांना एक शब्द पुरतो. परीक्षेत लिहा, मी मार्क देईन."

हसणाऱ्यांनीही तो शब्द वहीत उतरवला. माझ्या अंगावर काटा आला होता, हेही कबूल करतो. आपण काहीतरी मोठं बोललो असं मास्तरला वाटतं, तसा तो क्षण होता.

ती मुलगी निंबोल्याची. सकाळच्या बसनं यायची. घरी केळी आणि थोडा कापूस. त्या दिवसापासून तिची भीड चेपली. तास संपला की ती टेबलाशी येऊन उभी राहायची आणि एकेक शब्द ठेवायची. केळीच्या बुडाशी येणारं पिल्लू म्हणजे पील, घडाच्या टोकाला लोंबणारा लाल कळा म्हणजे कमळ, कपाशीला कळी धरते ते पातं. "सर, याले पुस्तकात काय म्हणतात?" तिला दोन्ही हवं असायचं, घरचा शब्द आणि शास्त्रातला शब्द, शेजारी शेजारी. आम्ही मराठीतच बोलायचो. कॉलेजात माझ्याशी मराठीत बोलणारी ती जवळजवळ एकटीच होती, आणि मला ते आवडायचं.

तिसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय निवडायचा होता. तिनं हाच निवडला. गावातले शेतीचे शब्द आणि त्यांचा वनस्पतिशास्त्रातला अर्थ. साठाच्या वर शब्द, प्रत्येकाशेजारी तिनं स्वतः काढलेली आकृती, काही पानांवर वाळवून चिकटवलेले नमुने. अक्षर गोल आणि टपोरं. मी फाईल चाळली आणि म्हणालो, "बेटा, हे बी.एस्सी.चं काम नाही. ही संशोधनाची सुरुवात आहे. यावरच तू पुढं पीएचडी करशील." माझी स्वतःची पीएचडी तेव्हा अर्धवट लोंबकळत होती. दुसऱ्याला पीएचडी वाटायला काय लागतं?

आमच्याकडे तेव्हा एम.एस्सी. नव्हती. त्यासाठी इंदूरला जायचं, वसतिगृहात राहायचं. तिच्या घरी कोणी पोरीला तालुक्याबाहेर ठेवलेलं नव्हतं. तिनं मला विचारलं, सर, तुम्ही येऊन बाबांशी बोलाल का? मी एका रविवारी मोटरसायकलवर निंबोल्याला गेलो. तिच्या आईनं भरीत आणि कळण्याची भाकर वाढली. वडील शांत माणूस. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सर, पोरगी हुशार हाये ते आम्हाले बी माहीत हाये. पण तिची बोली पहा ना. तिथं इंदूरले लोकं हसतीन तिच्यावर. मग कोण राहीन तिच्या बाजूनं?"

मी म्हणालो, "काका, भाषेचं काय घेऊन बसलात? तिची बोली हीच तिची ताकद आहे. आणि मी आहे ना."

त्यांनी एकदा आत स्वयंपाकघराकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता, तर भरा मंग फॉर्म." आत भांड्यांचा आवाज थांबला होता. ती दाराआड उभी राहून ऐकत असणार. परत येताना मी रस्ताभर गाणं गुणगुणत होतो.

मग प्रॅक्टिकलच्या परीक्षा आल्या. बाहेरून परीक्षक येतात, पोरांच्या फायली बघतात, तोंडी परीक्षा घेतात आणि संध्याकाळी परत जातात. आमच्याकडे परीक्षक म्हणजे जावई. त्याला स्टेशनावरून आणायचं, गरम गरम मांडे खाऊ घालायचे, जाताना शनवारा चौकातल्या दुकानातून मावा जिलेबी आणि दराब्याच्या मिठाईचा डबा बांधून द्यायचा. ही कामं कोणाची? अतिथी विद्वानाची. त्या वर्षीचे परीक्षक इंदूरचे, मोठे प्राध्यापक. आणि माझ्या पीएचडीची तोंडी परीक्षा पुढच्या दोन महिन्यांत त्यांच्याच समोर व्हायची होती. म्हणजे त्या दिवशी प्रयोगशाळेत पोरांची परीक्षा होती तशी माझीही होती, फक्त पोरांना ते माहीत नव्हतं.

माणूस वाईट नव्हता. मी पुढं कित्येक वर्षं त्याला वाईट ठरवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. घाईत होता, एवढंच. पंखा कुरकुरत होता, बरण्यांतल्या फॉर्मलीनचा वास डोळ्यांत जात होता, आणि साहेब एकेका पोराला तीन-चार प्रश्न विचारून सोडत होते. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून यादीवर खुणा करत होतो.

तिचा नंबर आला. तिनं फाईल टेबलावर ठेवली. साहेबांनी मधलं एक पान उघडलं. "ये क्या है? डिक्शनरी?" असं म्हणून हसले. हसण्यात विष नव्हतं. मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, केळीत फुलोरा कसा येतो ते सांगा.

हा तर तिच्या घरचा प्रश्न. ती हिंदीत सांगू लागली आणि छान सांगू लागली. जमिनीतलं खोड, त्याचा शेंडा, पानांची गुंडाळी, त्यातून वर येणारा दांडा. "और सर, उसके पहले आखरी पत्ता एकदम छोटा आता है. वो दिखा कि समझ लेना, अब झाड निसवेगा. फिर निसवण होती है."

"क्या होती है?"

"निसवण, सर."

"ये किस किताब में है?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मदत मागायला नाही. ती हसत होती. पाहुण्यानं घरातली काही गोष्ट विचारली की आपण घरातल्या मोठ्या माणसाकडे बघतो ना, आता हे सांगतील म्हणून, तसं तिनं पाहिलं.

साहेबांनीही माझ्याकडे मान वळवली. "आप तो इसी इलाके के हैं न? ये कोई टर्म है? आपने सुना है?"

मी म्हणालो, "नहीं सर. मैंने तो कभी नहीं सुना."

एवढ्यावर थांबलो असतो तरी आज थोडं तोंड दाखवायला जागा राहिली असती. पण मी थांबलो नाही. मी पुढं म्हणालो, "गाँव के बच्चे हैं सर, घर की बोली मिला देते हैं. मैं तो हमेशा टोकता हूँ."

हे दुसरं वाक्य मला कोणी विचारलं नव्हतं. पहिलं वाक्य मी भीतीनं बोललो. दुसरं हौसेनं बोललो. आपण कोणत्या बाजूचे आहोत हे साहेबांना कळावं म्हणून बोललो. धास्तीची सबब पहिल्या वाक्याला कशीबशी पुरते, दुसऱ्याला पुरत नाही.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तिथंच राहिलं, ऐकलेलं अजून आत पोचलंच नव्हतं म्हणून. मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "सॉरी सर. पुष्पक्रम बाहर आता है." पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरं तिनं पुस्तकात होती तशी, शब्दाला शब्द दिली. एकदाही चुकली नाही. साहेबांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "मेहनत तो की है. पर बेटा, साइंस में साइंस की भाषा होनी चाहिए." मी मान डोलावली. ती फाईल उचलून गेली.

संध्याकाळी मी साहेबांना स्टेशनावर पोचवायला गेलो. गाडीची वाट बघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुझा प्रबंध चांगला आहे, काळजी करू नकोस. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खूप आनंद झाला. जिलेबीचा डबा मी त्यांच्या सीटखाली नीट सरकवून ठेवला.

घरी आलो. आम्ही सिंधीपुऱ्यात राहतो. आई पायरीवर मेथी निवडत बसली होती. माझी आई. आमचं कोरडवाहू दोन एकर, त्यात काही भागायचं नाही, म्हणून माझ्या लहानपणी ती दुसऱ्यांच्या केळीबागांत निंदायला जायची. कॉलेजात मी सगळ्यांना एवढंच सांगायचो, 'हमारी खेती है.' खोटं नव्हतं ते, फक्त अर्धं होतं. निसवण हा शब्द मी तिच्याच तोंडून शिकलो होतो. दिवस मावळता ती परत आली की सांगायची, आज अमक्याची बाग निसवली, तमक्याची अजून निसवायची आहे.

आईनं विचारलं, "झाल्या काय परीक्षा? निंबोल्याच्या पोरीचं कसं झालं?" मी घरी त्या मुलीबद्दल बोलायचो, म्हणून आईला माहीत होतं.

"चांगलं झालं," मी म्हणालो आणि हातपाय धुवायला गेलो.

त्यानंतर ती माझ्या टेबलाशी आली नाही. परीक्षाच संपत आल्या होत्या, येण्याचं कारणही नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. निकाल लागला. तोंडी परीक्षेत साहेबांनी तिला बेताचेच गुण दिले होते, तरी ती पहिल्या श्रेणीत आली. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, काही बिघडलं नाही.

एक दिवस ती दाखल्यावर सही घ्यायला विभागात आली. "सर, यहाँ साइन कर दीजिए."

तीन वर्षांत ती माझ्याशी कधी हिंदीत बोलली नव्हती. मला कळलं. न कळण्यासारखं काही नव्हतंच. मी मराठीत काही बोललो असतो तर कदाचित तिथंच काही सावरलं असतं. मी विचारलं, "इंदौर का फॉर्म भरा?"

"नहीं भरा, सर."

"क्यों?"

"घर पर काम है."

मी सही केली. तिनं दोन्ही हातांनी दाखला घेतला, "थैंक यू सर" म्हणाली आणि गेली.

आठवड्यानं तिच्या वडिलांचा फोन आला. "सर, पोरगी नाही म्हणून राहिली. मी तर तयार होतो. काहून नाही म्हणते ते सांगत बी नाही. तुमचं ऐकते ती. एक डाव येऊन समजावा ना." फॉर्म भरायला अजून आठ-दहा दिवस होते. मी म्हणालो, येतो काका, रविवारी नक्की येतो.

रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मोटरसायकल दारात उभी होती, पेट्रोल होतं, तब्येत ठणठणीत होती. पण तिथं जाऊन तिच्यासमोर बसायचं तर आधी ते कबूल करावं लागलं असतं, आणि तेही तिच्या वडिलांसमोर, ज्यांना मी 'मी आहे ना' म्हणून आलो होतो. फोन पुन्हा वाजला, तेव्हा मी उचलला नाही. मुदत संपली. पुढच्या वर्षी कोणाकडून तरी कळलं की तिचं लग्न झालं.

माझं मात्र सगळं सुरळीत झालं. पीएचडी मिळाली. पुढं कायम झालो. केळीच्या धड्याला दोन वर्षं मी दुसऱ्या मास्तरांना पाठवलं, तिसऱ्या वर्षापासून पुन्हा घेऊ लागलो आणि पुस्तकात आहे तसा शिकवू लागलो. पोरं माझ्या तासाला अजून येतात. पण दुसऱ्या वर्गातली येऊन बसत नाहीत.

आणि आता तर वाराच फिरला आहे. स्थानिक ज्ञान, लोकांची बोली, परंपरेतलं विज्ञान, यांना एकदम भाव आला आहे. वरून कागद येतात, व्याख्यानं ठेवा म्हणून. गेल्या वर्षी आमच्या प्राचार्यांनी मला सांगितलं, तुम्ही इथलेच, तुम्ही बोला. मी बोललो. निसवण या शब्दावर पाच मिनिटं बोललो, अगदी त्या पहिल्या दिवशीच्या जोशात. माझी आई केळीत निंदायला जायची हेही व्यासपीठावरून सांगितलं. टाळ्या पडल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. कोणीतरी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि तो गावभर व्हॉट्सॲपवर फिरला. लोक रस्त्यात थांबवून सांगायचे, सर, मस्त बोललात. मी हसून हात जोडायचो आणि पुढं व्हायचो.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी प्रवेश सुरू झाले. आता अर्ज ऑनलाइन भरतात, पण कागदपत्रं दाखवायला आणि विषय पक्के करायला कॉलेजात यावं लागतं. मी विभागात बसलो होतो. दारात एक बाई उभी राहिली, सोबत सतरा-अठरा वर्षांची मुलगी. "नमस्ते सर," बाई म्हणाली, आणि मी आवाजावरून ओळखलं. चेहरा उन्हानं रापला होता, थोडी भरली होती. तापीकाठच्या एका गावात तिला दिलं होतं. सोबतची मुलगी तिच्या जेठाची, म्हणजे तिची पुतणी.

"बसा ना," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अहो-जाहो केलं. ती बसली. पुतणीला कागदांच्या झेरॉक्स काढायला खाली पाठवलं. खोलीत आम्ही दोघंच राहिलो.

ती म्हणाली, "आपका वीडियो देखा था सर. अच्छा बोले."

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं. तिला खरंच ते चांगलं वाटलं होतं. मग माझ्यानं राहवलं नाही. मी मराठीत म्हणालो, "त्या दिवशी परीक्षेत मी खोटं बोललो. मला तो शब्द माहीत होता."

बारा वर्षं हे वाक्य मी मनात घोकलं होतं. बाहेर पडल्यावर ते इतकंसं वाटलं.

ती थोडी हसली आणि तीही मराठीवर आली. "ते काय सांगायची गोष्ट हाये, सर? फळ्यावर तुम्हीच तर लिहेल होता."

"मग तू तेव्हा बोलली का नाहीस? साहेबांसमोर? सरांनीच शिकवला म्हणून का नाही सांगितलंस?" अहो-जाहो माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"बोलणार होती. एकदम तोंडावर आलं होतं. पण तुमच्याकडे पाह्यलं." तिनं टेबलावरच्या माझ्या पेनाकडे पाहिलं. "तुम्ही इतके घाबरेल होते, सर. तुमचा हात असा पेनावर... मले वाटलं, आता मी बोलली तर सरची नोकरी जाईन. मंग राहू दिलं."

बारा वर्षं मी समजत होतो की त्या टेबलावर मी तिला तोंडघशी पाडलं. तिनं मला सांभाळून घेतलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. वीस वर्षांच्या पोरीनं स्वतःचे मार्क घालवून, 'सॉरी सर' म्हणून मला वाचवलं होतं, आणि मी तिथं बसून मान डोलावत होतो. इतकी लाज मला त्या दिवशीही वाटली नव्हती.

"पण मग इंदूर?" मी विचारलं. "माझ्या रागानं नाही गेलीस ना?"

"राग कायचा, सर?" तिनं मान हलवली. हे तिनं आधीच कधीतरी नीट विचार करून ठेवलेलं होतं, असं मला तिच्या आवाजावरून वाटलं. "तुम्ही किती शिकेल होते. किती चांगलं शिकवत होते. तुमच्यासारख्या माणसाले बी एवढं शिकून आपल्या आईचा शब्द घ्यायची भीती वाटते, तर मी तिथं जाऊन काय करू? मी तर वैसेच भित्री होती."

तिनं हे रागानं म्हटलं नाही, रडूनही नाही. तिनं फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मी क्षमा मागायची तयारी केली होती, बोलणी खायचीही तयारी केली होती. यासाठी माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. "माझं चुकलं," एवढं मी म्हणालो. "जाऊ द्या ना सर," ती म्हणाली. "आता बाग हाये, माणसं हाताखाली हायेत, बरं चालू हाये." मी तिच्या वडिलांची चौकशी केली. ते तीन वर्षांपूर्वी गेले, असं तिनं सांगितलं.

पुतणी झेरॉक्स घेऊन वर आली. तिनं कागद टेबलावर मांडले. अर्जाच्या प्रतीवर मुख्य विषयाचा रकाना मोकळा ठेवला होता. नव्या पद्धतीत त्याला मेजर म्हणतात, आणि तो एकदा पक्का झाला की पोराचं पुढचं सगळं त्यावर ठरतं.

तिनं पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि पूर्वी शब्द घेऊन यायची तशीच टेबलावर वाकून मला विचारलं, "सर, हिचं मेजर काय टाकू? तिले झाडंपानं आवडतात. पण तुम्ही म्हणान ते टाकते."

पुतणी माझ्याकडे बघत होती. मला माझ्या विषयाचं नाव घेता आलं नाही.